दोन नंबर मोठा

आयुष्यात माझ्या मापाचा बूट मला एकदाच मिळाला, आणि तो दुसऱ्याच पोरीचा होता.

मागच्या वर्षी औलीला राष्ट्रीय स्पर्धेत जोशीमठच्या एका पोरीने आपली शर्यत संपल्यावर स्कीचे बूट काढून माझ्यासमोर ठेवले. ती ज्युनियरमध्ये होती, तिची शर्यत सकाळी होती, माझी दुपारी. आमच्या राज्याच्या स्की संघटनेने मला दिलेले बूट बाप्यांचे होते आणि त्यांचं एक बक्कल तुटलेलं होतं. तिचे घातले तर वाटलं, पाय कुणीतरी मुठीत धरलाय. उतारावर निघाले आणि कळलं, अरे, हे असं असतं होय! डावीकडे वळायचं नुसतं मनात आलं की स्की वळलेली असायची. मी चौथी आले. तिसरी माझ्यापुढे होती ती पापणी लवेल एवढ्यानेच.

भाईंदरची पोरगी आणि बर्फ, असं म्हणून सगळे हसतात. हसा. आमच्या गोडदेवात बर्फ दिसतो तो मासेवालीच्या टोपलीत. पण संघटनेला टीम पाठवायची असते, आणि बर्फावर चालणारी पोरं नाहीत म्हणून ते पायाला चाकं बांधलेली पोरं शोधतात. मी लहानपणापासून मीरा रोडला सोसायट्यांच्या कंपाउंडमध्ये स्केटिंग करतेय. अशी मी बर्फावर पोचले. तिथे राहिले ती मात्र माझ्या लायकीने.

मला मेडलची हौस नाही. पहिल्या तिनात आलं की सर्टिफिकेट मिळतं, आणि सर्टिफिकेट असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर नाव लागतं. दोनदा भरतीला उभी राहिले, मैदानात पोरांच्या तोंडाला फेस आणला, लेखीला थोडक्यात गेले. बाबा ज्या कंपनीत शिपाई होते तिला कुलूप लागलंय. आई शिवणावर घर ओढतेय. धाकटी पिंकी सहावीत आहे. माझ्या नोकरीकडे चारही माणसं डोळे लावून बसलीयत, त्यात मीही आले.

आमचे कोच पराग सर म्हणाले, "अंबिका, पुढच्या वर्षी मुलींची टीम नाही. फंड नाहीये. जे काय करायचं ते ह्याच वेळी. आणि बूट स्वतःचे आण. संघटना फक्त स्की देणार."

मी जोशीमठला फोन लावला. पोरीच्या आईने उचलला. पोरीचं लग्न झालं होतं आणि बूट विकले होते.

मग मी आणि बाबा हंसाबेनच्या दुकानात गेलो.

हंसाबेनचं दुकान मीरा रोडला शांतीनगरात आहे. बॅटी, कॅरमची पावडर, शाळांच्या ट्रॉफ्या, सगळं एकावर एक. बाई गोड बोलत नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या चपलांकडे बघते, मग तोंडाकडे. पण पराग सरांच्या सांगण्यावरून तिने दिल्लीहून नमुन्याला एक जोड मागवला होता. तिने मला भिंतीला टाच लावून जुन्या कॅलेंडरच्या कागदावर उभं केलं, अंगठ्यापुढे पेन्सिलीने रेघ मारली आणि टेप लावली.

"साडेचोवीस. इसका नंबर सेंटिमीटर में आता है. पहन."

मी घातला. सरळ उभी राहिले तर बोटं पुढे टेकत होती. गुडघे वाकवले तर पाय मागे सरकला आणि टाच आपल्या जागी जाऊन बसली. जोशीमठच्या पोरीच्या बुटासारखंच. मला तिथे दुकानात रडू यायला लागलं.

"बाबा, हाच."

बाबा खाली बसले. जन्मभर त्यांनी आमचे बूट घेताना जे केलंय तेच केलं. बुटाच्या टोकावर अंगठा दाबला, पोरीचा अंगठा कुठवर आलाय ते बघायला. पण हा प्लास्टिकचा बूट, बादलीइतका कडक. तो कसला दबतोय!

"अंबे, बोट कुठाय तुझं?"

"पुढे टेकतंय."

"टेकतंय? म्हणजे लहान आहे."

"घट्टच लागतो, बाबा. ढिला असला तर स्की ऐकत नाही."

हंसाबेन गल्ल्यावरून म्हणाली, "काका, टाइट ही चाहिए. थोडे दिन पहनेगी तो अंदर का फोम बैठ जाएगा. ढीला हो जाएगा."

ते शेवटचे तीन शब्द ती बोलली नसती तर आज मी पोलिसात असते.

बाबांचा चेहरा शटर ओढल्यासारखा बंद झाला. "ठीक है, बेन, सोच के आते हैं," म्हणाले आणि बाहेर. मी बूट काढून मागे धावले.

"ऐकलंस?" रिक्षांच्या गर्दीतून बाबा ताडताड चालत होते. "ढीला हो जाएगा! माझ्या शाळेच्या बुटांपासून ऐकतोय हे. घट्ट खपवायचा असला की म्हणतात, सैल होईल. ढिला खपवायचा असला की म्हणतात, सोल टाका. दुकानात जो नंबर पडलाय तोच आपल्या पायाचा असतो. लग्नात बूट घेतला होता, ढीला हो जाएगा म्हणाला लेकाचा. सप्तपदीला माझ्या टाचेतून रक्त येत होतं. झाला का ढिला? आजतागायत झाला नाही, माळ्यावर आहे."

"बाबा, मी स्वतः घातलेत असे. मला माहितीय."

"तुला त्या बाईने पढवलंय. तिच्याकडे एकच जोड आहे, तो तुझ्या गळ्यात मारतेय."

मी भांडले. घरी येईपर्यंत भांडले, जेवताना भांडले. आई म्हणाली, "अगं, जरा मोठाच बरा, नंतर पिंकीला होईल." आमच्या घरी पायाला कधी बूट घेतलाच नाही. आम्ही येणाऱ्या वर्षाला बूट घेतो. शाळेचा बूट, जूनमध्ये पुढे कापूस कोंबायचा, आणि कापूस काढायची वेळ येईस्तोवर बूट फाटलेला असायचा. बाबांच्या चपलासुद्धा मोठ्या. चालताना फटाक फटाक वाजतात, बाबा जिन्यात असले की चौथ्या मजल्यावर कळतं.

आमच्या गल्लीत कौस्तुभचं सायबर कॅफे आहे. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं, नेटवर दुकानदार नसतो, माल सरळ येतो. ते मला एकदम पटलं नाही, पण नंबर मला ठाऊक होता. म्हटलं, साडेचोवीस कुठूनही आला तरी साडेचोवीसच. कौस्तुभने खरेदी-विक्रीच्या एका साइटवर दिल्लीच्या माणसाकडचे बूट काढले. नवे होते आणि हंसाबेनपेक्षा स्वस्त. मी बाबांना म्हटलं, "साडेचोवीस. विसरू नका." आणि प्रॅक्टिसला गेले.

पुढचं मला कौस्तुभने मागाहून सांगितलं.

"काकांनी बरोबर साडेचोवीसच सांगितला गं. मी लिस्ट उघडली. काका म्हणाले, ही सगळी मापं आहेत? म्हटलं हो. साडेसव्वीस आहे का? आहे. किंमत? म्हटलं, काका, किंमत सगळ्याला तीच. तर म्हणाले, त्याच पैशात मोठा मिळतोय आणि माणसं लहान घेतात? मी म्हटलं, काका, अंबिकाला विचारू का? तर म्हणाले, बाप मी आहे का तू?"

दुकानात निदान हंसाबेन होती, तोंडावर टाइट म्हणणारी. इथे नुसती नंबरांची यादी. बोट लावा, तो नंबर तुमचा. समोर कुणी खोटं बोलायला नाही म्हणून बाबा खूश होते. खरं बोलायलाही कुणी नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

खोकं आलं तेव्हा बाबांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग मी पाय घातला. पाय आत गेला तो गेलाच. चारही बक्कलं शेवटच्या खाचेत अडकवली तरी टाच आत वर-खाली करत होती. बूट हलायचा नाही, मी बुटात हलायचे.

"बाबा, हा कितीचा आहे?"

"बघ, कसा ऐसपैस आहे!" बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मला त्यांना मारावंसं वाटलं. हो, बापाला. लिहायला लाज नाही वाटत.

"कितीचा आहे?"

"जरा मोठा घेतलाय. दोन मोजे घाल."

मी खोक्यावर बघितलं. मग काय काय बोलले ते पूर्ण बिल्डिंगने ऐकलं. बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं ना गं." आमच्याकडे माणसाला बुडवायचं असलं की ह्याच वाक्याने बुडवतात.

माल परत घेणार नाही असं त्या साइटवर लिहिलेलं होतं. तरी कौस्तुभने दिल्लीवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "मैडम, साइज आपने सिलेक्ट किया है." आणि ठेवला.

मी हंसाबेनकडे पळाले. ती शाळेच्या ट्रॉफीवर नाव चिकटवत होती.

"हंसाबेन, तो जोड द्या. साडेचोवीसचा."

"कौन सा जोड? वो तो वापस गया."

"परत मागवा ना. तुमच्या पाया पडते."

"पाँव मत पड़, पाँव तो तेरा मैंने नापा था." तिने ट्रॉफी खाली ठेवली. "तेरा बाप ना बोलके चला गयो. मैं सामने बैठी हूँ और मुझे चोर समझ के गया. फिर कंप्यूटर से लिया ना? अब कंप्यूटर को बोल, बदल दे."

"चूक झाली."

"मेरी नहीं हुई." पण तिने फोन उचलला. दिल्लीशी गुजराती-हिंदीत भांडली. मग तिने फोन ठेवला आणि आवाज उतरला. "बेटा, वो बिक गया. नया आएगा, पण तेरी गाड़ी के बाद आएगा. क्या करूँ बोल?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले. तिने पाणी दिलं. ट्रॉफीवर दुसऱ्याच कुणाचं नाव चिकटवायचं तिचं काम परत सुरू झालं.

भाईंदर स्टेशनबाहेर बबन चांभार बसतो. त्याच्यासमोर मी ते दोन धोंडे ठेवले.

"हा बूट हाय का हेल्मेट?" बबन म्हणाला.

"बबनमामा, आतून भरायचाय. टाच हलता कामा नये."

"चंद्रावर चाललीस का?" पण त्याने काम मन लावून केलं. आतला मऊ बूट बाहेर ओढला, रबरी चपलांचे तळवे कापून टाचेमागे आणि घोट्यांभोवती चिकटवले, वरून स्पंज दिला. मी तिथेच फुटपाथवर घालून बघितला. बसला! हंसाबेनकडच्यासारखा नाही, पण बसला. लोक जमले. एकजण म्हणाला, "शूटिंग आहे का?" मी गुडघे वाकवून उभी राहिले आणि त्या सगळ्यांना शिव्या घालत हसले. मग आमच्या बिल्डिंगचे जिने बूट घालून चढले-उतरले. पिंकी मागे टाळ्या वाजवत. बाबा दारात उभे. "म्हटलं नव्हतं, काहीतरी मार्ग निघतो?" मी बक्कलं सोडायला बसले.

भाईंदरच्या उकाड्यात रबर मऊ होतं, हो. औलीच्या थंडीत त्याचा दगड झाला.

पहिल्याच सरावात कळलं. घोट्याला जणू विटेचे तुकडे बांधलेत. उतार संपेपर्यंत दोन्ही घोटे सोलून निघाले. टाच तर मोकळीच. रात्रभर बूट पांघरुणात घेऊन झोपले, सकाळी ऊब होती, बर्फावर पाय ठेवला की पुन्हा दगड. पर्यटकांना भाड्याने देतात तिथे गेले. तिथले सगळे बाप्यांचे, त्यांचे तळवे झिजलेले, शर्यतीच्या स्कीत अडकेनात. टीममधल्या एकीचाही नंबर जुळेना. पराग सरांनी मोज्यांवर मोजे घालायला लावले. तर बोटं बधिर. पाय आहे की नाही हे बघायला खाली बघावं लागायचं.

शर्यतीच्या सकाळी मी बबनचं सगळं रबर उपटून काढलं. म्हटलं, दुखणारा पाय नको, ढिला चालेल. बाबांचीच मुलगी.

वरती उभी होते तेव्हा मोजलं. मागच्या वर्षीच्या पहिल्या दोघी होत्या, तिसरी आलीच नव्हती. म्हणजे जागा रिकामी होती. माझ्या नावाची खुर्ची मांडून ठेवल्यासारखी. मी देवाला म्हटलं, तू आहेस की नाहीस ते मला माहीत नाही, पण आजचा दिवस माझी टाच धरून ठेव.

उतारावर रोवलेल्या झेंड्यांना वळसे घालत खाली यायचं असतं. पहिले दोन झेंडे गेले. तिसऱ्याला मी डावीकडे वळले. माझा पाय वळला. बूट वळला नाही. पाय बुटात फिरला, बूट तसाच सरळ निघाला, आणि त्याच्यासोबत स्की, आणि त्यांच्यामागे मी. स्की सुटून खाली गेली. नियम असा आहे की चुकलेल्या झेंड्याशी परत चढून जाता येतं. मी उठले. कुणीतरी खालून ओरडत होतं, सोड, सोड. एका पायाने रांगत स्की आणली, चढले, झेंडा पार केला, पुढचे सगळे पार केले. खाली पोचले तेव्हा घड्याळवाला माणूस थर्मासमधला चहा ओतत होता. माझ्यामागे कुणी नव्हतंच.

सर्टिफिकेट मिळालं. 'सहभाग' लिहिलेलं. भरतीत त्याला कुणी विचारत नाही.

घरी आले. बाबा रिक्षास्टँडवर आले होते, बॅग घ्यायला. फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे काही विचारलं नाही. घरात मी मोजे काढले तेव्हा त्यांनी माझी नखं बघितली. दोन्ही अंगठे काळेनिळे. मग त्यांनी बूट फडक्याने पुसले, आत कागदाचे बोळे भरले, खोक्यात घातले.

"पुढच्या वर्षी बरोबर बसतील," म्हणाले.

"बाबा, मी वीस वर्षांची आहे. पाय वाढायचे कधीच थांबलेत. आणि पुढच्या वर्षी टीमच नाहीये."

ते खोकं हातात घेऊन उभे राहिले. माळ्याकडे बघितलं, पिंकीकडे बघितलं. पिंकीने पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

"पिंकीला नाही," मी म्हटलं. "विकायचे."

हंसाबेन घेईना. म्हणाली, "साढ़े छब्बीस की लड़की कहाँ से लाऊँ?" मग ज्या साइटवरून आले तिथेच विकायला टाकले. आईची मशीन बिघडली होती, तिचं काम अडलं होतं, पैसे हवेच होते. आठवडे गेले, कुणी विचारेना. मी भाईंदरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात बॉलपेनं भरायला लागले. दिवसभर उभं राहायचं. अंगठ्याचं एक नख गळून पडलं.

एका संध्याकाळी कौस्तुभने हाक मारली, "अंबिका, गिऱ्हाईक आलं!" मी गेले, मागून फटाक फटाक बाबाही आले.

नाशिकच्या माणसाचा निरोप होता. मुलीला हिमालयात स्कीच्या कोर्सला पाठवतोय. बूट आवडले. लगेच पैसे पाठवतो. खाली एकच प्रश्न होता: मुलीचा पाय साडेचोवीस आहे, पण वाढतं वय आहे, साडेसव्वीस घेतले तर चालतील ना?

बाबांनी खुर्चीमागून ओठ हलवत वाचलं. खूश झाले.

"शहाणा माणूस आहे. पुढचा विचार करतोय. लिही, चालतील."

मी टाइप करायला लागले. कौस्तुभ माझ्या बोटांकडे बघत होता, मग बाबांकडे.

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. "चालणार नाहीत. हे घेऊ नका. मुलीला घेऊन दुकानात जा, पाय मोजून घ्या. घट्टच घ्या. दुकानदार म्हणेल, घट्टच हवा, नंतर सैल होतो. ह्या एका बाबतीत त्याचं ऐका."

"अगं, विकले गेले असते!"

"माहितीय."

"आईची मशीन..."

"माहितीय, बाबा."

बाबांनी आपल्या चपलेतून पाय थोडा बाहेर काढला, पुन्हा आत घातला. मागे दोन बोटं जागा उरलेली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, चुकलो म्हणतील. मी त्याची वाट बघत होते, खोटं कशाला सांगू?

"आणि तो दुकानदार खोटं बोलत असला तर?" बाबांनी विचारलं.

भांडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. जे लिहिलं होतं ते मी तसंच पाठवून दिलं.